रहस्यकथेचं बी आपल्या गल्लीतच असतं का?

मुक्ता_तापीकाठ

मंडळी, बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय म्हणून धागा काढते. रहस्यकथा लिहायची म्हटलं की आपल्याकडचे नवे लिहिणारे लगेच मुंबईला पळतात. कुलाब्यातला फ्लॅट नाहीतर लोणावळ्याचा बंगला, त्यात एक उद्योगपती मरून पडलेला आणि एक इन्स्पेक्टर सारखा सिगारेट ओढणारा. विचारलं तर म्हणतात आपल्या खान्देशात काय घडतं, केळी, कापूस आणि ऊन. मला हे अजिबात पटत नाही. मला वाटतं रहस्य लिहायला मोठा गुन्हा लागतच नाही, लागतो तो रोजचा क्रम पाठ असणं. कोण किती वाजता निघतं, कोणाच्या घरी दूध किती, कोणाची मोटार कधी चालू होते. ज्याला हा क्रम पाठ आहे त्यालाच त्यातली खोट दिसते, बाकीच्यांना सगळं नेहमीसारखंच वाटतं.

अगाथा ख्रिस्तीचं बघा. पहिल्या महायुद्धात ती टॉर्की या आपल्या गावच्या हॉस्पिटलात आधी जखमी सैनिकांची शुश्रूषा करत होती आणि मग औषधखोलीत, म्हणजे आपल्या भाषेत कंपाउंडरचं काम. दिवसभर मोजमाप, बाटल्या, लेबलं. एका औषधात दुसरं मिसळलं की कधीकधी तळाशी साका बसतो, हे तिथे काम करणाऱ्या कोणालाही माहीत असणार, पण तिने त्याच साक्यावर पहिली कादंबरी उभी केली, ती छापून आली 1920 साली. बरं, तिचा डिटेक्टिव्ह बेल्जियमचा का? तर युद्धामुळे टॉर्कीत बेल्जियमचे निर्वासित येऊन राहिले होते म्हणून. आणि ती विणकाम करणारी म्हातारी हेर, ती तिने आपल्या आजीच्या मैत्रिणींवरून घडवली. आपल्याकडे ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर ठेवणाऱ्या आज्या काय कमी आहेत? दूधवाला एक दिवस आला नाही की लगेच, "आज तो उना नही, काय व्हयनं व्हई?" हा प्रश्न म्हणजेच रहस्यकथेचं पहिलं वाक्य आहे असं मी मनापासून म्हणते.

तर तुमच्या रोजच्या कामात, गावात, घरात असं काय आहे ज्यातून गोष्ट निघू शकेल? सविस्तर लिहा, नुसतं छान धागा म्हणून जाऊ नका.

रावेरचा_शेतकरी

ताई एकदम आवडीचा विषय. आमच्याकडं एक गोष्ट आहे जी मला अजून कुठल्याच कादंबरीत भेटली नाही, ती म्हणजे केळीचा चीक. घड कापला की दांड्यातून चीक गळतो, दिसायला पाण्यासारखा, अंगावर पडला तरी त्या वेळी लक्षातही येत नाही, मग हवा लागली की हळूहळू तपकिरी आणि शेवटी काळा पडतो आणि तो डाग काही केल्या जात नाही, साबण घासा, सोडा टाका, कपडा फाटेल पण डाग राहील. म्हणून कापणीच्या टोळीचे कपडे वेगळेच असतात, त्यांचा मूळचा रंग कोणता होता तेसुद्धा सांगता येत नाही.

आता असं समजा भाऊ, एक माणूस लग्नातला पांढरा शर्ट घालून रात्री बागेत जाऊन आला. कशाला गेला ते लेखकानं ठरवावं. अंधारात घाईत जाताना एक दोन पानं मोडली, एखाद्या ताज्या कापलेल्या खांबाला खांदा घासला. घरी येऊन बल्बखाली शर्ट निरखून बघितला, रक्त नाही, माती नाही, काही नाही, निवांत खुंटीला टांगून झोपला. शर्ट धुवायला गेला, दोरीवर वाळला आणि तेव्हा बायकोला खांद्यावर डाग दिसला. बाहेरच्या पोलिसाला तो गंज वाटेल नाहीतर जुनं रक्त वाटेल, रावेर-यावलकडचा साधा हवालदार लांबूनच ओळखेल. आणि दुसरं, त्या दिवशी कोणाच्या बागेत कापणी होती हे अख्ख्या गावाला माहीत असतं, ट्रक कुठं लागला ते दिसतंच ना. ज्याच्या स्वतःच्या बागेत अजून निसवणसुद्धा, म्हणजे घड बाहेर पडणंसुद्धा, झाली नाही त्याच्या शर्टावर चीक आला कुठून? बस, एवढ्यावरच गोष्ट चालू होते.

अमळनेरची_वाचक

रावेरकर दादा, तुमचा शर्ट वाचून अंगावर काटा आला, कारण हुबेहूब असाच एक कपडा रहस्यकथेच्या इतिहासात आहे. इंग्लंडमध्ये 1860 साली रोड हिल हाउस नावाच्या घरात एका तीन वर्षांच्या मुलाचा खून झाला. लंडनहून व्हिचर नावाचा डिटेक्टिव्ह आला, त्याने काय पाहिलं तर धुण्याची वही. कपडे धुवायला देताना घरात नोंद ठेवायचे, त्यात मुलाच्या सोळा वर्षांच्या सावत्र बहिणीचा एक नाइटगाउन कमी भरत होता. त्याने तिला अटक केली, लोक त्याच्यावरच उलटले, तिला सोडावं लागलं, आणि पाच वर्षांनी, 1865 ला, तिने स्वतः कबुली दिली. विल्की कॉलिन्सने 1868 च्या आपल्या कादंबरीत तीच धुण्याची वही आणि तोच डाग पडलेला नाइटगाउन वापरला.

आता धुण्याची वही म्हणजे काय हो, घरातली सगळ्यात कंटाळवाणी वही. आपल्याकडे अशा वह्या पैशाला पासरी आहेत. इस्त्रीवाल्याची वही, दुधाचं कार्ड, पिठाच्या गिरणीवरची पाटी, आणि सगळ्यात भारी म्हणजे किराणा दुकानातली उधारीची वही. मला कितीदा वाटतं की दुकानदाराला गल्लीतलं जेवढं कळतं तेवढं कोणालाच कळत नसेल. एकटी राहणारी एक म्हातारी आहे, तिची उधारी वर्षानुवर्षं सारखीच, पाव किलो तूरडाळ, अर्धा लिटर तेल, चहाची छोटी पुडी. एका महिन्यात डाळ दुप्पट, तेल दुप्पट, आणि एक दाढीचं ब्लेडचं पाकीट. तिने कोणाला काही सांगितलेलं नाही. दुकानदाराने विचारायचं की नाही? मला तर वाटतं ही गोष्ट त्या दुकानदाराच्याच तोंडून सांगावी, खून नको, मारामारी नको, तो फक्त वही लिहितोय आणि त्याची झोप उडत चालली आहे.

जंक्शनचे_नाना

मुलांनो, मी रेल्वेतून रिटायर झालेला माणूस, भुसावळात सगळी नोकरी गेली. नाइट ड्युटीला बाबूराव अर्नाळकर वाचून काढलेली आमची पिढी. झुंजार, काळा पहाड हे त्यांचे नायक, काय दिवस होते. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या त्या माणसाने आणि आमच्यासारख्या कधी पुस्तकाच्या दुकानात न गेलेल्यांना वाचायला लावलं, हे त्यांचं ऋण मी मानतो.

आता रोजच्या कामातलं विचारताय म्हणून सांगतो. पूर्वी मोबाइल नव्हते तेव्हा ड्रायव्हर-गार्डला ड्युटीचा कॉल द्यायला कॉलबॉय असायचा. रात्री दीड वाजता असो नाहीतर तीन वाजता, पावसात, थंडीत, सायकल काढून रेल्वे कॉलनीत जायचा, क्वार्टरचं दार वाजवायचा, कॉल बुकावर सही घ्यायचा, वेळ लिहायचा. म्हणजे विचार करा, अख्खी कॉलनी झोपलेली असताना कोणाच्या घरात कोण आहे, कोणाचा दिवा चालू आहे, कोणाचं दार बाईने उघडलं आणि कोणाचं उघडलंच नाही, हे सगळं माहीत असलेला एकच माणूस, आणि त्याला कोणी कधी काही विचारत नाही कारण तो काय, कॉलबॉय. आणि त्याच्या बुकात सही आहे. खरोखर त्याच माणसाची आहे का? झोपेत केलेल्या सह्या सगळ्यांच्या वेड्यावाकड्याच असतात.

दुसरं म्हणजे टाइमटेबल. जपानमध्ये सेइचो मात्सुमोतो म्हणून लेखक होऊन गेले, त्यांची 1958 ची कादंबरी आहे, तिचा सगळा जीव चार मिनिटांत आहे. टोकियो स्टेशनच्या 13 नंबरच्या प्लॅटफॉर्मवरून 15 नंबरवरची गाडी दिसते ती दिवसाकाठी फक्त चार मिनिटं, बाकी सगळा वेळ मध्ये कुठली ना कुठली गाडी उभी असते. मग त्या नेमक्या चार मिनिटांत कोणीतरी साक्षीदारांना तिथे घेऊन येतो, तो का? हे वाचून मी हातातलं पुस्तक ठेवून दिलं होतं, कारण भुसावळला आम्ही हे रोज बघायचो, मध्ये मालगाडी आली की पलीकडचा प्लॅटफॉर्म गायब, मालगाडी निघाली की पलीकडची माणसं बदललेली. बघत सगळेच होतो, त्याची गोष्ट त्या माणसाला सुचली.

धुळ्याची_डॉक्टर

नाना, कॉलबॉय तर अप्रतिम. मी वैद्यकीय बाजूने एक गोष्ट सांगते कारण मराठी रहस्यकथा वाचताना मला ती सारखी खटकते. इंग्रजी पुस्तकातलं गणित जसंच्या तसं उचलतात, की मृत्यूनंतर शरीर तासाला साधारण दीड अंश फॅरनहाइट थंड होतं, म्हणून खून रात्री अकराला झाला. अहो, ते गणित थंड हवेचं. शरीर थंड होतं कारण भोवतालची हवा शरीरापेक्षा थंड असते. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 च्या आसपास जातो आणि जिवंत माणसाचं शरीर 37 सेल्सिअसचं. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी मृतदेह असेल तर तो थंड होणार कसा, उलट तापेल. शरीर ताठरणं आणि परत सैल पडणं हेही उन्हाळ्यात लवकर उरकतं, थंडीत लांबतं. म्हणजे इंग्लंडचा हुशार डिटेक्टिव्ह आपल्या उन्हाळ्यात वेळ सांगायला साफ चुकेल.

आणि याच्या बरोबर उलट जागासुद्धा आपल्याकडेच आहे, केळी पिकवायचं रायपनिंग चेंबर. बाहेर भट्टी पेटल्यासारखं ऊन आणि आत सोळा-अठरा अंश. एकाच आवारात दहा पावलांवर दोन वेगवेगळे ऋतू. मृतदेह आत होता की बाहेर होता की मध्येच हलवला, यावर सगळी वेळ फिरते. जो लेखक केळीच्या व्यापाऱ्याकडे एक दुपार घालवेल त्याला हे आपोआप सुचेल, घरात बसून सुचणार नाही. शेरलॉक होम्ससुद्धा दवाखान्यातूनच आला ना, कॉनन डॉयल एडिंबरोत शिकत असताना त्यांचे प्राध्यापक डॉ. जोसेफ बेल पेशंट दारातून आत आला की त्याचा धंदा सांगायचे, हात बघून, चाल बघून. जळगावच्या सराफ बाजारातला कारागीर, कापसाच्या जिनिंगमधला हमाल आणि शाळामास्तर यांचे हात माझ्यासमोर रोज येतात, नाव विचारायच्या आधी बरंच कळतं.

शहादेकर

सगळं वाचतोय, छान चाललंय, पण मला एक वेगळी बाजू मांडायची आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. रोजच्या आयुष्यातून घ्या म्हणता म्हणता लोक शेजारच्याचं आयुष्य उचलतात. आमच्या भागात घडलेल्या एका खऱ्या प्रकरणावर मागे कोणीतरी कथा लिहिली, नावं बदलली, गावाचं नाव बदललं, पण विहीर तीच, घराचा रंग तोच, मुलीचं शिक्षण तेच. आम्हाला सगळ्यांना कळलं. त्या घरातल्या लोकांनी लग्नकार्यात जाणं सोडलं होतं काही काळ. कथा चांगली होती, वाचणाऱ्यांनी वाहवा केली, पण त्या माणसांनी काय पाप केलं होतं? पेपरमधली बातमी म्हणजे फुकटचा कच्चा माल नाही. एडगर अॅलन पो यांनीसुद्धा 1842 मध्ये न्यूयॉर्कच्या मेरी रॉजर्स या खऱ्या मुलीच्या मृत्यूवर कथा लिहिली, नुसतं पॅरिसला नेऊन ठेवली. मोठा लेखक असला तरी मला ते आवडलेलं नाही.

अमळनेरची_वाचक

शहादेकर भाऊ, तुमचं म्हणणं मनाला लागलं. मला मात्र कॉलिन्सचंच उदाहरण परत द्यावंसं वाटतं, कारण त्याने नेमकं उलट केलं. खऱ्या प्रकरणात लहान मुलाचा खून होता, त्याने कादंबरीत तो खून काढून टाकला, हिऱ्याची चोरी ठेवली. डागसुद्धा रक्ताचा नाही, दाराच्या ओल्या रंगाचा. म्हणजे त्याने हरवलेला कपडा घेतला, वही घेतली, घरातल्याच माणसावर संशय घेताना घराचं काय होतं ते घेतलं, पण त्या मुलाचं दुःख त्या घराकडेच राहू दिलं. मला वाटतं हाच रस्ता आहे. विहीर घ्यायची असेल तर घ्या, पण मग मुलगी नको, घर नको, गाव नको. निदान तीन गोष्टी तरी मुळातूनच वेगळ्या पाहिजेत.

शहादेकर

हे पटलं. पण विहीरसुद्धा विचार करूनच घ्यावी असं मी म्हणेन. छोट्या गावात विहिरी मोजक्याच असतात.

चाळीसगावकर

आमच्या गावाचं नाव कोणीच काढलं नाही म्हणून लिहितो. आमचे फोटोग्राफर, कलामहर्षी केकी मूस. स्टेशनजवळच्या आपल्या दगडी घरात हा माणूस अर्धं आयुष्य राहिला, कितीतरी दशकं जवळजवळ घराबाहेर पडलाच नाही, 1989 मध्ये गेले. लोक त्यांच्या न निघण्याच्या, कोणाची तरी गाडी येईल म्हणून वाट बघण्याच्या कहाण्या सांगतात आणि नव्या लेखकांना तेवढंच रहस्य दिसतं. मला त्यांच्या टेबल टॉप फोटोग्राफीत जास्त दिसतं. घरातल्या साध्यासुध्या वस्तू टेबलावर मांडायच्या, उजेड असा सोडायचा की फोटो बघणाऱ्याला वाटावं हे बाहेरचं कुठलं तरी दूरवरचं दृश्य आहे. फोटोत खोटं काहीच नाही, ज्या वस्तू होत्या त्याच आहेत, चुकतो तो बघणारा. रहस्यकथाकाराने अगदी हेच करायचं असतं. वाचकापासून काही लपवायचं नाही, सगळं टेबलावर मांडून ठेवायचं, फक्त उजेड कुठून सोडायचा ते आपण ठरवायचं. शेवट कळल्यावर वाचक मागची पानं चाळतो आणि सगळं तिथेच असतं तेव्हा त्याला जो आनंद होतो त्याला तोड नाही. आयत्या वेळी जुळा भाऊ आणणारे लेखक म्हणून मला अजिबात सहन होत नाहीत. घर आता संग्रहालय आहे, येणं झालं तर जरूर बघा.

मिरची_पथारी

मी नंदुरबारची, आतापर्यंत कविता लिहिल्यात, रहस्यकथा कधीच नाही. पण हा धागा वाचून काल मिरचीच्या पथारीवर गेले होते, आमच्या घरच्यांचा तोच व्यवसाय आहे, रोज बघते पण काल वेगळ्या नजरेने बघितलं. लांबच लांब लाल मिरची पसरलेली, बायका ओळीने बसून देठ खुडतात, ठसका लागू नये म्हणून सगळ्यांनी तोंडाला, डोक्याला फडकं गुंडाळलेलं, फक्त डोळे दिसतात. मुकादम काय बघतो तर डोकी मोजतो आणि संध्याकाळी वजन करतो. चेहरा कोणाचाच दिसत नाही. समजा एके दिवशी त्या ओळीत एक बाई वेगळीच बसली आहे, दुसरीच्या जागी. डोकी बरोबर, वजनसुद्धा बरोबर. मग जिच्या जागी ती बसली ती दिवसभर होती कुठे? पोलिसांना पंचवीस जणी शपथेवर सांगतील की ती आमच्यातच होती, आणि त्या खोटं बोलत नसतील.

मग मी काकूला विचारलं, असं झालं तर तुला कळेल का ग. ती लगेच म्हणाली, हातावरून कळेल. रोज खुडणारीची बोटं कशी चालतात आणि एक दिवस आलेलीची कशी चालतात, ती दुपारपर्यंत हात चोळायला लागते, आग होते ना, आणि नव्या बाईला डोळ्याला हात लावायचा नाही हे लक्षात राहत नाही. तेव्हापासून डोक्यात हेच चालू आहे. शेजारी बसणारीला दुपारीच कळलं असणार. मग ती गप्प का राहिली? मला वाटतं माझी गोष्ट ही गप्प राहणारीची आहे. लिहू का? जमेल का?

मुक्ता_तापीकाठ

वर्षभर वाट बघू नकोस, आजच बस. तुझ्या काकूने जे एका वाक्यात सांगितलं ते कुठल्याही लेखन कार्यशाळेत मिळणार नाही. आणि एक वही कर, चांगली जाड नको, हाताशी पडेल ती. ख्रिस्तीच्या मागे 73 वह्या राहिल्या, त्यात कादंबरीची टिपणं आणि घरातल्या सामानाच्या याद्या एकाच पानावर सापडतात. मला ते वाचून फार बरं वाटलं होतं, कारण आपण बायका लिहायला वेगळा वेळ शोधत बसतो आणि तो कधी मिळत नाही. हरभऱ्याची डाळ दोन किलो, आणि खाली, शेजारणीला दुपारीच कळलं होतं. चालेल.

शहादेकरांचा मुद्दा मी वरच्या पोस्टमध्ये जोडते, जे लिहितील त्यांनी तो आधी वाचावा. कोणी खरं नाव, खरं घर ओळखू येईल असं इथे टाकलं तर मी काढायला सांगणार आहे, राग मानू नये.

आता दोन प्रश्न. रावेरकर दादा, शर्ट टेरिकॉटचा असेल तर चिकाचा डाग तसाच पडतो का? मला माझ्या गोष्टीतल्या माणसाला सुती शर्ट द्यायचा नाहीये, तो नोकरीवाला आहे. आणि नाना, कॉलबॉय गेला आणि ड्रायव्हर घरी नसलाच तर काय व्हायचं?

रावेरचा_शेतकरी

पडतो ताई, माझ्या पॅंटी बघा सगळ्या. सुतीवर जास्त पसरतो, टेरिकॉटवर थेंब थेंब दिसतो एवढाच फरक. उद्या आमच्याकडं कापणी आहे, जुन्या दोन्ही कापडांचे तुकडे ठेवतो चिकाखाली आणि किती वेळात रंग बदलतो ते इथं लिहितो, फोटोसकट.

जंक्शनचे_नाना

घरी नसला तर कॉलबॉय परत येऊन सांगायचा आणि दुसऱ्याला कॉल जायचा, गाडी थोडीच थांबणार आहे. त्याच्याबद्दल नंतर विचारणा व्हायची ती वेगळी. पण मुक्ता, तुझ्या गोष्टीला हे उपयोगाचं नाही, कारण तिथे सगळं उघडं पडतं. तू असं कर, सही आहे, वेळ आहे, सगळं नियमात, आणि गाडीवर माणूसही वेळेत आला. फक्त कॉलबॉयने दार वाजवलं ते एका क्वार्टरचं आणि सही देणारा बाहेर आला तो शेजारच्या क्वार्टरमधून. कॉलबॉयने ते कोणाला सांगितलं नाही, कारण त्याला सही मिळाली होती आणि अजून चार घरं बाकी होती. पुढे चौकशी लागली की बुकावरून काहीच निघत नाही, त्या पोराला कोणीतरी विचारावं लागतं. त्याला कोण विचारतं आणि किती उशिरा विचारतं, ते तू ठरव.